कंगव्यावर एक केस नाही

लग्न होऊन या घरात आले आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, पाणी कुठंतरी मुरतंय. माझा कंगवा रोज स्वच्छ असायचा. आता कंगवा स्वच्छ असणं हा काही गुन्हा नव्हे, पण तो मी स्वच्छ केलेला नसायचा. माझे केस कमरेखाली येतात, दाट आहेत, आणि नव्या घरातलं पाणी मानवलं नाही म्हणा किंवा काय, त्या दिवसांत ते मूठमूठ गळत होते. सकाळी कामाच्या घाईत मी विंचरायचे, गुंता तसाच कंगव्यात सोडून पळायचे, आणि संध्याकाळी येऊन बघावं तर कंगवा दुकानातून नुकताच आणल्यासारखा. फरशीवर केस नाही. उशीवर नाही. न्हाणीघरातल्या जाळीवरसुद्धा नाही.

दुसरी एखादी म्हणाली असती, बरं झालं, कोणीतरी झाडतंय. पण मी लाँड्रीत काम करते. लोकांचे कपडे धुवायला जाण्याआधी उलटेपालटे करून डाग शोधायचे, खिसे तपासायचे, कॉलरवर चिकटलेलं काढायचं, हे माझं काम. कुठल्या साहेबांच्या कोटावर बाईसाहेबांचा नसलेला केस निघतो हे मला पक्कं ठाऊक असतं, आणि ताकास तूर लागू न देता मी तो कचऱ्यात टाकते. केस सापडला की लोकांना संशय येतो. मला केस सापडत नव्हता म्हणून आला.

घरात आम्ही चौघं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वभावानंही लिफ्टच आहे. जो बटण दाबेल त्याच्या मजल्यावर जाऊन उभा. त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांनी अख्खी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर काढली, सुट्टी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घेण्याची. निवृत्त झाल्या, पण सवय काही निवृत्त झाली नाही. पाहुणा आला की आधी त्याच्या पिशवीकडे बघणार, मग तोंडाकडे. कचऱ्याचा डबा बाहेर जाण्याआधी त्या तो जुन्या कागदावर उपडा करत आणि काठीनं चाळून बघत. "माणसं खोटं बोलतात, कचरा बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

चौथी मुंगी. ही माझ्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, तिसरीत होती. चालण्याचा आवाज नाही, कुठून आली ते कळत नाही, म्हणून मुंगी. तिची आई दोन वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली. तेव्हापासून वन्संनीच तिला सांभाळलं. मध्यंतरी डोक्यात उवा झाल्या म्हणून त्यांनी तिचे केस कानापर्यंत कापले आणि पुढे तसेच ठेवले. मला काय हाक मारायची हे मुंगीला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही काही ठरवलं नाही. काही हवं असलं की ती नुसतं "ऐक ना" म्हणायची. माझं या घरातलं नाव तेच.

संशय सरळ वन्संवर गेला. दुसरं होतं कोण? लाँड्रीत माझ्या शेजारी इस्त्री करणारी बाई आहे, तिला मी सहज सांगितलं, तर तिनं इस्त्री खाली ठेवली. म्हणाली, "केस गोळा करतेय? अगं, मग बाहुलीत भरणार. सुया टोचणार. माझ्या चुलतबहिणीची जाऊ अशीच वाळत गेली बघ." मी हसले. म्हटलं, कुठल्या जमान्यात आहेस? पण त्या दिवसापासून पाठीत कळ आली तरी मनात यायचं, टोचली वाटतं.

एके दिवशी मी मुद्दाम भरपूर केस कंगव्यात ठेवले, वर हातानं थोडे गुंडाळून घातले, आणि कामावर गेले. संध्याकाळी कंगवा कोरा. सरळ स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "वन्सं, माझा कंगवा तुम्ही साफ करता का?"

"मी? तुझा कंगवा?" त्या वळल्या. "माझ्या हाताला कामं नाहीत का दुसरी? का गं, काय हरवलं?"

"केस."

भर उन्हाळ्यात शाल गुंडाळून गेटबाहेर निघालेल्या बाईकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केस हरवत नाहीत. हरवते ती अक्कल." आणि भांडी घासायला लागल्या.

त्यांचं उत्तर मला अजिबात पटलं नाही. खाई त्याला खवखवे, म्हणून तर एवढं लागलं, असं मी मनाशी धरलं.

मुंगीवरही माझा डोळा होता. मी विंचरायला बसले की ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. बोलायची नाही, आत यायची नाही, नुसती बघायची. मी "ये की" म्हटलं की निघून जायची. एकदा मात्र तिनं विचारलं, "ऐक ना, तुला बरं वाटतं ना?"

"वाटतं की. का?"

"असंच."

आठ वर्षांची पोर उगाच कशाला माझी तब्येत विचारेल? म्हणजे कोणीतरी विचारायला लावलंय. म्हणजे सुयांचा उपयोग होतोय का, ते बघून यायला सांगितलंय. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी रात्रीचं दूधसुद्धा वास घेऊन प्यायचे.

इकडे वन्संचं वेगळंच चाललं होतं. मुंगी खात नव्हती. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. कधी उलटी, कधी पोटात कळ, हातपाय काड्यांसारखे झाले, आणि पोट मात्र पुढे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं, मग म्हणाले, "घरात बदल झालाय ना, मनावर घेतलंय पोरीनं." हा बदल म्हणजे मी. वन्संना तेवढं पुरे झालं. मी केलेली भाजी आधी त्या स्वतः खाऊन बघायला लागल्या आणि थोडी वाटीत काढून बाहेर न्यायला लागल्या. मला वाटलं, शेजारणीला देतात. नंतर कळलं, खालच्या पहारेकऱ्याच्या कुत्र्याला देत होत्या, त्याला काही होतं का ते बघायला. कुत्रं चांगलं गुटगुटीत झालं.

एक दिवस वन्सं बँकेत गेल्या आणि मी त्यांचं कपाट उघडलं. केसांची बाहुली शोधत होते. हो, मीही झडती घेतली. वाण नाही पण गुण लागला. बाहुली नव्हती. कपड्यांमागे झाकण घट्ट लावलेली काचेची बरणी होती आणि तिच्यात माझी मागच्या आठवड्यातली भाजी, बुरशी आलेली.

मी ती बरणी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि वन्संची वाट बघत बसले. त्या आल्या, त्यांनी बरणी बघितली, आणि लाज वाटायच्या ऐवजी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"बरं झालं, उघड झालं," त्या म्हणाल्या. "ही मी तपासायला देणार आहे. तू आलीस आणि पोरीचं खाणं गेलं. काय घालतेस?"

"मी विष घालते? आणि तुम्ही माझे केस चोरून करणी करता ते?"

"केस! परत केस! वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. पोरीला काही झालं तर मी तुला या घरात उभी करणार नाही. उंबऱ्याबाहेर तू आणि तुझी ती वेणी."

नवरा संध्याकाळी आला. वन्संनी सांगितलं तेव्हा मान डोलावली, मी सांगितलं तेव्हाही डोलावली. मग म्हणाला, "तुम्ही दोघी जरा समजून घ्या." मी त्याला म्हटलं, "तू मधल्या मजल्यावर अडकलायस." त्याला राग आला नाही. त्याला कधीच येत नाही, हाच तर वैताग.

मुंगी दारामागं उभी होती. हे सगळं तिनं ऐकलं असणार. त्यानंतर ती माझ्याकडे बघायचीही बंद झाली आणि मला वाटलं, चला, पोरगीही गेली हातची. मी बॅग भरायला काढली. खरं सांगते, जायचं नव्हतं मला. मला हे घर हवं होतं, तो अडकलेला नवरा हवा होता, आणि दाराला टेकून उभी राहणारी ती पोर तर मला माझ्याही नकळत फार हवी झाली होती. पण विष घालणारी म्हणून हाकललं जाण्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं.

बॅग अर्धी भरली होती तेव्हा शाळेतून फोन आला. मुंगी वर्गात पोट धरून खाली पडली होती आणि उलट्या थांबत नव्हत्या.

मोठ्या दवाखान्यात सर्जनबाईंनी तिचं पोट हातानं चाचपलं आणि त्यांचे हात एका जागी थांबले. वरच्या बाजूला काहीतरी टणक होतं, हलत होतं. लगेच स्कॅन केला. "जठर कशानं तरी भरलंय," त्या म्हणाल्या. "आज ऑपरेशन करावं लागेल."

"हिला विचारा काय घातलं ते," वन्सं माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. नवऱ्यानं दोघींच्या मध्ये येऊन सहीसाठी पेन मागितलं.

ऑपरेशन झाल्यावर सर्जनबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मुंगी अजून गुंगीत होती, तिला दुसरीकडे ठेवलं होतं. टेबलावर स्टीलच्या ट्रेवर कापड झाकलं होतं. त्यांनी ते काढलं.

केस होते. काळे, ओले, चिकट, एकमेकांत इतके घट्ट बसलेले की आधी मला ते काय आहे तेच कळेना. पोटाच्या पिशवीचा आकार जसाच्या तसा आला होता, खाली आतड्यात गेलेली शेपटीही होती. वास असा की नवरा तोंडावर रुमाल धरून खिडकीशी गेला.

"केस पचत नाहीत," सर्जनबाई म्हणाल्या. "एक एक साठत जातो आणि गोळा होतो. खूप दिवसांचं आहे हे." त्यांनी चिमट्यानं एक टोक सोडवून ओढलं. ते येतच राहिलं. वीतभर, मग हातभर. "मुलीचे केस तर कानापर्यंत आहेत. मग हे कोणाचे?"

तिघांचीही नजर माझ्या वेणीवर होती.

माझे हरवलेले केस सापडले होते. बाहुली नव्हती, सुया नव्हत्या, करणी नव्हती. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी कळलं, माझ्याविरुद्ध याहून मोठा पुरावा जगात दुसरा नव्हता.

"जेवणातून घातलेस," वन्सं म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "भाजी काय तपासत बसले मी! पोराच्या पोटात केस घालणारी बाई."

"वन्सं, कंगव्यावरून कोणीतरी नेत होतं, मी तुम्हाला विचारलं नव्हतं का..."

"चोराच्या उलट्या बोंबा."

सर्जनबाईंनी हात वर केला. "मुलं स्वतःहूनही खातात. पण एवढ्या केसांचं कारण मला कळायला हवं. मुलगी शुद्धीवर आली, जरा सावरली, की मी तिच्याशी बोलेन. कोणी खायला घातले असतील तर मला पोलिसांना कळवावंच लागेल."

मुंगीच्या पोटातून बाहेर आलेल्या त्या गोळ्याकडे बघत माझ्या मनात काय आलं, ते सांगते. मनात आलं, ही पोरगी माझ्यावर सूड उगवत होती. मला घालवायला तिनं हे केलं. शुद्धीवर आली की ती माझंच नाव घेईल, आत्याला बरं वाटावं म्हणून घेईल, आणि मग सगळं संपलं. संशयाची कावीळ झाली की आठ वर्षांचं पोरही पिवळंच दिसतं.

मुंगी थोडी बोलायला लागली तेव्हा सर्जनबाई तिच्या खाटेवर टेकल्या. आम्हाला भिंतीशी उभं केलं होतं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. वन्संना ते जमलं नाही.

"घाबरू नकोस राजा. हिनंच दिले ना?"

"बाई, तुम्ही बाहेर जाल का?" सर्जनबाई म्हणाल्या, तशा वन्सं ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या.

मुंगीनं हळूच मान हलवली. "कोणी नाही दिले. मी घेतले."

"बरं. कंगव्यावरून?"

"हो. आणि उशीवरून. जाळीतून पण."

"आवडतात तुला केस खायला?"

"शी!" मुंगी म्हणाली. चेहरा इतका वाकडा केला की सर्जनबाई जरा मागं सरल्या. "घशात टोचतात. पाणी प्यायला लागतं खूप."

"मग कशाला खायचीस गं?"

ती चादरीचा धागा ओढत राहिली. मग माझ्याकडे बघून, सांगू की नको असं करत, सर्जनबाईंना जवळ बोलावून ती कुजबुजली. पण ती कुजबूज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आली.

"तिला दिसू नयेत म्हणून."

"कोणाला?"

"तिला. तिचे केस गळतात. तिला अजून माहीत नाही." मुंगीला धाप लागली, पण आता ती थांबली नाही. "आईचे पण असेच गळले. उशीवर दिसले की आई रडायची. मग मी आईच्या आधी उठायचे आणि सगळे उचलायचे. तरी आई गेली. पण त्या दिवसांत रडायची नाही. आता हिचे गळतात."

"पण राजा, कचऱ्यात टाकायचे ना."

"डबा आत्या बघते. मग आत्या तिला सांगेल. दप्तर पण आत्या बघते. कपाट ही बघते." तिनं माझ्याकडे बोट केलं. "लपवायला कुठंच जागा नाही आमच्या घरात."

नवरा खिडकीशी उभा होता. तो तिथंच खाली बसला. त्याच्या पहिल्या बायकोचे केस औषधांनी जात होते, आणि सकाळी उशी स्वच्छ बघून ती म्हणायची, आज कमी गळले. हे त्यानं मला नंतर सांगितलं. दोघांनाही वाटलं होतं, औषध लागू पडतंय.

मला लाज वाटली, आणि लाजेहून मोठं काहीतरी वाटलं. माझी तब्येत विचारायला ती पोर दारात उभी राहायची, आणि मी तिला हेर समजत होते. मला रडू येत होतं, आणि रडले तर तिला वाटेल, कळलं हिला. म्हणून गाल आतून चावत उभी राहिले.

मुंगी आता थेट माझ्याशी बोलली. "ऐक ना. तू कधी जाणार?"

मी नुसती मान हलवत होते, नाही, नाही. पण मान हलवून आठ वर्षांच्या मुलाची खात्री पटत नाही. तिची आईही नाहीच म्हणाली असणार.

वन्सं पुढे आल्या. मला वाटलं, आता काय आणखी. त्यांनी डोक्यावरचा आकडा काढला, अंबाडा सोडला. एवढ्या दिवसांत त्यांचे मोकळे केस मी कधी बघितले नव्हते; पांढरे, विरळ, खांद्यापर्यंतच. त्यांनी पाची बोटं डोक्यात घालून खसकन ओढली आणि तळहात मुंगीच्या नाकासमोर धरला. हातात चांगले दहापंधरा केस आले होते.

"बघ. नीट बघ. हे काय आहे?"

मुंगीचा हात चादरीखालून निघाला आणि त्या केसांकडे गेला. आपोआप गेला. वन्संनी दुसऱ्या हातानं तो धरला.

"अंहं. उचलायचे नाहीत. बघायचे. तू जन्मायच्या आधीपासून गळतायत माझे. तुझ्या बाबाचे गळून टक्कल पडायला आलंय. या डॉक्टरबाईंना विचार, त्यांचे गळतात का."

"न्हाणीघर भरतं," सर्जनबाई म्हणाल्या.

"मेले का मी?" वन्संचा आवाज फुटला, पण त्यांनी तो तसाच रेटला. "आईला आजार होता राजा, केसांनी काही ती गेली नाही. तू उचललेस म्हणून ती राहिली नसती आणि नाही उचललेस म्हणून कोणी जाणार नाही. ऐकतेयस ना?"

मुंगीनं त्यांच्या तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि ही?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अजून झडती होतीच. एका दिवसात कोणाची सवय जात नाही. माफीबिफी त्यांनी मागितली नाही आणि मागितली असती तर मी कुठं तोंड लपवलं असतं कोण जाणे.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही कसली जातेय. ही मला पोचवून येईल आणि मग माझं कपाट उघडेल."

मुंगी हसली. या घरात आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. पण हसल्याबरोबर टाके ओढले गेले आणि ती मोठ्यानं रडायला लागली, आणि मग मला रडायला कोणाची भीती उरली नाही. मी तिच्या उशाशी बसले आणि तिला दिसेल असं रडले.